तापतच नाही यार!

शनिवारची रात्र, साडेआठ. खाली क्रांती चौकातल्या ट्रॅफिकचे हॉर्न, पलीकडे शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यावरचे दिवे. टेरेसवरच्या टेबलावर मॅरिनेट केलेलं दोन किलो चिकन, आईसाठी पनीर, आणि सात भुकेले पाहुणे. दादा गुडघ्यांवर बसून एका काळ्या लोखंडी पिंपाच्या विनवण्या करतोय. डिस्प्लेवर आकडा आहे 275. हवाय 450. पाऊण तास झाला, आकडा जागचा हलत नाही!

शेवटी आईने चिकन खाली नेलं आणि रस्सा केला. पाहुणे खूश. दादा मात्र त्या रात्री जेवलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ग्रिल तापला नाही यात जेवण सोडण्यासारखं काय आहे? सांगते.

दादा नऊ वर्षं डॅलसला होता. 2023 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयटी कंपन्यांनी हजारो लोक काढले, त्यात त्याचाही नंबर लागला. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. एकसष्टाव्या दिवशी काय, ते तुम्हाला माहीत आहेच. दादा परत आला. मागून जहाजाने त्याचं सामान आलं आणि त्यात हा पेलेट ग्रिल. आई-बाबांना त्याने सांगितलं, 'कंपनीने वर्क फ्रॉम होम दिलंय.' खरं काय ते फक्त मला माहीत होतं. तो रोज रात्री लॅपटॉप उघडून बसायचा, आणि शनिवारी ग्रिल उघडून.

पेलेट ग्रिलचा फंडा तसा सोपा आहे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या म्हणजे पेलेट. त्या एका डब्यात भरायच्या. एक मोटर स्क्रू फिरवून त्या थोड्या थोड्या पुढे ढकलते. खाली वाटीएवढं अग्निपात्र, त्यात पेटवणारी कांडी, आणि आगीला हवा देणारा पंखा. नॉब फिरवून तापमान ठरवायचं, बाकीचं मशीन बघतं. ओरेगॉनच्या जो ट्रेगर यांनी 1980 च्या दशकात हा प्रकार आणला, 1986 मध्ये पेटंट मिळालं आणि अमेरिकेतल्या परसदारी तो रुळला. आमच्या टेरेसवर मात्र रुळायचं नाव घेईना!

मास कॉमच्या डिग्रीत ग्रिल दुरुस्ती शिकवत नाहीत. पण कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं हे प्रश्न विचारायला शिकवतात. पुढच्या रविवारी मी वही घेऊनच टेरेसवर गेले.

पहिला प्रश्न, पेलेट कुठले? दादाने ते वाळूज एमआयडीसीतल्या एका सप्लायरकडून आणले होते. कारखान्यांच्या बॉयलरसाठी करतात ते. सोयाबीनचा भुसा, कपाशीच्या पऱ्हाट्या, जे मिळेल ते. लाकडापेक्षा त्यांची राख कितीतरी जास्त. शिवाय त्यात आणखी काय काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही, म्हणजे खाण्याच्या वस्तू भाजायला ते बादच.

तेवढ्यात आई वर आली. पेलेट हातात घेऊन म्हणाली, ''अगं, हे तर ऊर्जा चुलीचं जळण!'' 2006 मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' नावाची पेलेटवर चालणारी चूल बाजारात आणली होती. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने ती चालवली. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कित्येक घरांत ती पोहोचली, मग पेलेट महागले आणि बहुतेक घरांतून ती गेली. आईच्या मावशीकडे ती होती.

''मावशी आधी राख झाडायची, मग चूल पेटवायची,'' आई म्हणाली. ''तुम्ही राख काढता का?''

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

प्लग काढला, जाळ्या उचलल्या. अग्निपात्राच्या तळाची सगळी भोकं राखेने बुजलेली! पंखा फिरत होता, पण हवा आगीपर्यंत पोहोचतच नव्हती. वर तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर काजळीचा थर. तोही पुसला.

दुसरा प्रश्न, पेलेट ठेवले कुठे? टेरेसवर, पत्र्याच्या शेडखाली, भर ऑगस्टमध्ये. कोरडा पेलेट मोडला की टक्कन आवाज येतो. आमचा बिस्किटासारखा भुगा झाला. ओल्या पेलेटची काही शक्ती स्वतःचं पाणी वाळवण्यातच जाते, उरलेल्याचा धूर. मग निव्वळ लाकडी भुशाचे पेलेट मागवले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात घरात ठेवले.

तिसरी चूक माझी. दर पाच मिनिटांनी मी 'झालं का?' म्हणून झाकण उघडत होते. सगळी धग बाहेर!

पुढच्या शनिवारी आकडा सरसर चढला. 300... 350... 380. आणि तिथेच थांबला. दादाने नॉब सोडला, खुर्चीत बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ''माझ्याच हातात काही राहिलं नाहीये बहुतेक.''

तो ग्रिलबद्दल बोलत नव्हता, हे कळायला मास कॉमची डिग्री लागत नाही.

सोमवारी मी त्याला पैठण गेटच्या बाजूला एका मोटर रिवायंडिंगवाल्या चाचांकडे अक्षरशः ओढत नेलं. चाचांनी मोटरवरचं लेबल चष्मा वर करून वाचलं. एकशेवीस व्होल्ट, साठ हर्ट्झ.

''ट्रान्सफॉर्मर लावलाय,'' दादा म्हणाला. ''230 चे 120 होतात.''

चाचा हसले. ''व्होल्ट कमी होतात, हर्ट्झ नाही. तिकडे साठ, इकडे पन्नास.''

मग त्यांनी जे समजावलं ते असं. अशी एसी मोटर किती वेगाने फिरणार, हे विजेच्या हर्ट्झवर ठरतं. तिकडे ती जितक्या वेळात सहा चकरा मारायची, तितक्याच वेळात इकडे साधारण पाच. म्हणजे पेलेट ढकलणारी मोटर हळू, हवा देणारा पंखाही हळू. जळण कमी, हवा कमी. मंद आचेवर हे जाणवत नाही, कारण मशीन मोटर जास्त वेळ चालवून भरपाई करतं. नॉब पूर्ण फिरवला की मोटर आधीच सतत चालू असते. मग आणखी ऊब आणणार कुठून?

''म्हणजे मोटर खराब झाली?'' दादाने विचारलं.

''नहीं बेटा. मोटर अच्छी है. करंट अलग है.''

चाचांनी तेवढ्याच आरपीएमच्या इथल्या करंटवर चालणाऱ्या दोन मोटर्स बसवल्या. कंट्रोलर ट्रान्सफॉर्मरवरच ठेवला आणि मध्ये रिले घातले. हे घरी करायचं काम नाही, जाणकाराकडूनच करून घ्या. आणखी दोन गोष्टी. ग्रिल पेटला नाही तर साचलेले पेलेट काढल्याशिवाय पुन्हा चालू करू नका, एकदम भडका उडतो. आणि हा प्रकार बंद बाल्कनीत कधीच नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो.

त्या शनिवारी पाहुणे नव्हते. फक्त आम्ही चौघं. आकडा 445 वर गेला तेव्हा मी शिट्टी वाजवली. दादाने चिकन ठेवलं, झाकण लावलं आणि वळून म्हणाला, ''बाबा, माझी नोकरी गेलीय. जानेवारीतच.''

आईचा हात पनीरच्या ताटलीवर थांबला. बाबा खाली चौकाकडे बघत होते.

''माहीत आहे,'' ते म्हणाले. ''मीटिंग असली की माणूस बोलतो रे. तू रात्र रात्र नुसता बसायचास.''

मग थोड्या वेळाने, ''चिकन बघ. जळेल.''

ते एका बाजूने थोडं जळलंच. कुणीही तक्रार केली नाही, आणि दादाने तीन पीस खाल्ले.

आता तो पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी इथूनच काम करतो. रात्री बोलण्याचा आवाज येतो. पगार तिकडच्यापेक्षा बराच कमी आहे. नातेवाइकांनी त्याबद्दल खोचकपणे विचारलं की तो एकच वाक्य टाकतो, ''मोटर अच्छी है, करंट अलग है.''

आणि हो, दर शनिवारी ग्रिल पेटवण्याआधी राख तोच काढतो.