कापसाखालची सुई

मुलगी परिचारिका झाली म्हणजे घरच्यांना मोठा आनंद होतो. माझ्याही घरी तो झाला होता. पांढऱ्या गणवेशात मी प्रथम गावी गेले, तेव्हा आईने शेजारणींना मुद्दाम बोलावून आणले होते. आज निवृत्तीनंतर ते दिवस आठवू लागले म्हणजे त्या आनंदाबरोबर एक शल्यही मनात उभे राहते. ते येथे सांगावेसे वाटते. कारण आपल्यापैकी अनेकांच्या लेकी-सुना रुग्णालयांत सेवा करीत आहेत.

गोष्ट २००३ सालच्या पावसाळ्यातील. वैनगंगा दुथडी भरून वाहत होती आणि बालाघाटातील आमच्या रुग्णालयात एकही खाट रिकामी नव्हती. एका रुग्णाच्या रक्तात हिपॅटायटिस बी या काविळीचे विषाणू असल्याचे तपासणीत आढळले होते. त्याला मी इंजेक्शन दिले, तोच शेजारच्या खाटेवरून हाक आली. हातातील सुई तबकात ठेवली, वर कापसाचा बोळा टाकला आणि मी धावले. परत येऊन सुई नष्ट करावयाची, ते विसरूनच गेले.

दुपारी सफाई करणाऱ्या मावशींच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. मी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "काही नाही जी सिस्टर, काटा रुतला."

वॉर्डात काटा कोठून येणार? क्षणात मला सारे उमगले. खरे बोलले तर काम जाईल, ही त्यांना भीती. आणि मला माझ्या नावाची भीती. संध्याकाळपर्यंत मी गप्प राहिले. त्या चार तासांची लाज मला अजून वाटते.

अखेर डॉक्टरांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. "अजून वेळ आहे," एवढेच म्हणाले. शरीरात तात्काळ प्रतिकार उभा करणारे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन रातोरात नागपूरहून मागविले. ते शक्यतो चोवीस तासांच्या आत द्यावे लागते. त्याबरोबरच लसीची पहिली मात्रा दिली. पुढे सहा महिने आम्ही दोघींनी तपासणीच्या निकालाची वाट पाहिली. मावशी सुखरूप राहिल्या. परंतु त्या काळात एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षे त्या आमचा कचरा उचलीत होत्या, पण त्यांना लस द्यावी असे कोणासही सुचले नव्हते. मी स्वतः दोन मात्रा घेऊन तिसरी विसरले होते!

हा विषाणू अमेरिकन शास्त्रज्ञ बरूक ब्लुमबर्ग यांच्या संशोधनातून उजेडात आला. त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हाच आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. सुकलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. बाधित रक्ताची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या शंभरांपैकी सहा ते तीस जणांना रोग जडू शकतो. एड्सच्या विषाणूबाबत हे प्रमाण हजारात सुमारे तीन आहे. तथापि एकत्र जेवल्याने वा हात हातात घेतल्याने हा रोग होत नाही. म्हणून रोग्याला दूर लोटणे अज्ञानाचे व अन्यायाचेही आहे. दूषित पाण्याने होणारी कावीळ निराळी.

उपाय साधे आहेत. लसीच्या तीन मात्रा घ्याव्यात: पहिली, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली की नाही याची खात्री करावी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती लगेच जाड, न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी. सुई टोचलीच तर जखम साबण व पाण्याने धुवावी. ती पिळू नये, चोखू नये, आणि त्याच घटकेस वरिष्ठांना कळवावे. १९९७ सालापासून हैदराबादेत तयार झालेली लस मिळू लागली आणि किंमत उतरली. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार तो कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस देणे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. तेव्हा मावशींनी लस मागितली, तर ती याचना नव्हे, हक्क आहे.

वाचकहो, नाताळात तुमची लेक सुटीवर घरी येईल. तिच्या पगाराची चौकशी आपण करतोच. या वेळी तिला एवढेही विचारा: "बाळ, तिसरी मात्रा झाली का? आणि तुमच्या वॉर्डातल्या मावशींची?"