नव्याचे नऊ दिवस

'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं बहुधा घरांत आलेल्या नव्या सुनेस पाहून केली असावी. परंतु हॉकीच्या नव्या प्रशिक्षकास ती जितकी लागू पडते, तितकी दुसऱ्या कोणास पडत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. सुनेस निदान नऊ दिवस तरी मिळतात!

आम्ही मुळशी तालुक्यांतले. आमच्याकडे पाऊस फार, भातखाचरें पुष्कळ, आणि सपाट मैदान म्हणाल तर भात कापून झाल्यावर जें उरेल तें. कबड्डी आणि विटीदांडू हेच इकडचे खेळ. असें असतां हॉकीचें वेड तुम्हांस लागलें कोठून, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर १५ मार्च १९७५ हा दिवस. त्या दिवशीं क्वालालंपूर येथें आपल्या संघानें पाकिस्तानास २-१ असें हरवून विश्वचषक जिंकला. शेजाऱ्यांच्या ओसरीवरील रेडिओभोंवतीं अर्धी आळी गोळा झाली होती. ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार ह्यांनीं दुसरा गोल केला, तेव्हां हॉकी कशाशीं खातात हें ठाऊक नसलेल्या आमच्या आजीनेंहि देवापुढें साखर ठेवली. ह्या गोष्टीला पन्नास वर्षें होऊन गेलीं. तेवढ्या काळांत तो चषक पुन्हां आला नाहीं, आणि आमची आशाहि कांहीं गेली नाहीं.

अशा भक्ताच्या आयुष्यांत नवा प्रशिक्षक नेमला जाणें म्हणजे वर्षप्रतिपदाच. वर्तमानपत्रांतील ती बातमी आम्ही कापून एका वहींत चिकटवीत आलों आहों. 'ह्या गृहस्थास कांहींतरी मंत्र ठाऊक असणार,' असें प्रत्येक वेळीं वाटतें. परंतु ती वही आतां उलटून पाहिली, म्हणजे मन खिन्न होतें.

१९९८ सालीं बँकॉक येथें आशियाई सामन्यांचें सुवर्णपदक ३२ वर्षांनीं आपल्याकडे आलें. कर्णधार होते आमच्याच जिल्ह्यांतील खडकीचे धनराज पिल्ले. प्रशिक्षक होते महाराज किशन कौशिक. सत्कार व्हावयाचा, तो दूर राहून कौशिकांसच काढण्यांत आलें. २००२ च्या विश्वचषकाच्या वेळीं मुंबईचे सेड्रिक डिसूझा ह्यांस तर स्पर्धा चालू असतांनाच दूर केलें. २००४ मध्यें अथेन्सचें ऑलिंपिक कांहीं आठवड्यांवर आलें असतां गेऱ्हार्ड राख हे जर्मन गृहस्थ नेमले गेले. तें धनराजांचें चौथें आणि अखेरचें ऑलिंपिक. आम्हीं उतावळ्या नवऱ्याप्रमाणें गुडघ्याला बाशिंग बांधून बसलों. संघ सातवा आला. २००८ मध्यें १९२८ पासून प्रथमच आपला संघ ऑलिंपिकला पात्र ठरला नाहीं. २०१२ मध्यें मायकेल नॉब्ज ह्यांच्या हाताखालीं बारा संघांत बारावा क्रमांक. २०१४ मध्यें टेरी वॉल्श ह्यांनीं आशियाई सुवर्णपदक मिळवून दिलें आणि त्याच वर्षीं तेहि गेले. २०१५ मध्यें पॉल व्हॅन आस आले, आणि त्याच वर्षीं परतले. हरला तरी जा, जिंकला तरी जा, असा हा कारभार. आणि ह्या प्रत्येक जाण्याच्या वेळीं 'बरें झालें' म्हणणाऱ्यांत आम्ही होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

२०२३ मध्यें दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन आले. वहींत नवें कात्रण चिकटलें. त्याच वर्षीं हांगचौ येथें आशियाई सुवर्णपदक मिळालें. पुढल्या वर्षीं पॅरिस येथें ग्रेट ब्रिटनविरुद्ध आपला एक खेळाडू पंचांनीं बाहेर काढल्यावर चाळीस मिनिटांहून अधिक वेळ दहाच गडी लढले आणि जिंकले. नंतर स्पेनला २-१ हरवून कांस्यपदकहि आलें. आम्ही धन्य झालों. परंतु २०२५ च्या जून महिन्यांत यूरोपांत आपला संघ लागोपाठ सात सामने हरला. सातव्या पराभवाच्या रात्रीं आम्हीं दिवा लावला, कागद घेतला, आणि 'प्रशिक्षक बदला' अशा मथळ्याचें एक खणखणीत पत्र वर्तमानपत्रासाठीं लिहिलें. सकाळीं तें सौभाग्यवतींस वाचून दाखविलें. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करतांच म्हणाल्या, "अहो, आपल्या शाळेंतल्या त्या मास्तरांनासुद्धां तुम्ही एकच वर्ष दिलं होतंत ना?"

पुढें आमच्याच्यानें वाचवेना.

ती गोष्ट आमच्या नोकरीच्या मध्यकाळची. शाळा लहान, मुख्याध्यापकाचें काम आमच्याकडे होतें. खडकीकडचा एक तरुण शिक्षक नव्यानें रुजू झाला. त्यानें कोठून कोठून जुन्या काठ्या मिळविल्या. कमी पडल्या त्या वांकड्या फांद्या तासून मुलांनींच केल्या. दिवाळीनंतर खाचरें मोकळीं झालीं, कीं शाळा सुटल्यावर धसकटांत मुलें चेंडूमागें धांवत. पहिल्या वर्षीं जिल्ह्याच्या सामन्यांत आमचा संघ ९-० असा हरून आला. आम्हीं त्या तरुणास बोलावून म्हटलें, "हें पुरें झालें. कबड्डी घ्या, निदान एखादी ढाल तरी येईल." तो म्हणाला, "गुरुजी, आणखी एक वर्ष द्या." आम्हीं दिलें नाहीं. पुढल्या जूनमध्यें तो बदली करून घेऊन निघून गेला. त्या काठ्या शाळेच्या शिपायानें परसांतल्या घेवड्याच्या वेलांस आधारासाठीं रोंवल्या. कबड्डीची ढाल आली. ती अद्याप कार्यालयांत आहे. बऱ्याच वर्षांनीं पौडच्या एस. टी. थांब्यावर त्या संघांतील एक मुलगा भेटला. तो म्हणाला, "गुरुजी, चेंडू अडवायला आम्ही तेव्हां कुठं शिकलों होतों." त्यानें तें तक्रार म्हणून सांगितलें नव्हतें, म्हणूनच तें अधिक लागलें.

वस्तुतः हें आम्हांस शिकवावयास कोणी खडकीहून येण्याची जरूर नव्हती. 'मालविकाग्निमित्र' आम्हीं तरुणपणींच अभ्यासिलें आहे. गणदास आणि हरदत्त ह्या दोघां नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, हें त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून ठरवावें, असा बेत राजवाड्यांत होतो. तेव्हां राणी धारिणी आक्षेप घेते कीं, उपदेश पुरता मुरला नसतां त्याचें प्रदर्शन करणें न्याय्य नव्हे. राणीचा हेतु निराळा होता हें खरें; परंतु बोलली तें खोटें नव्हे. तीस वर्षें मुलांना शिकवून आम्हांस ठाऊक होतें कीं, 'रामः रामौ' सुद्धां पहिल्या पावसांत उगवत नाहीं. तेंच ज्ञान मैदानाकडे पाहतांना आम्हीं कोठें ठेवलें होतें, देव जाणे!

मग वही पुन्हां उघडली. ग्रॅहम रीड २०१९ मध्यें आले. टोकिओ येथें त्यांच्या संघानें ऑस्ट्रेलियाकडून ७-१ असा मार खाल्ला. त्या रात्रीं आमचें पत्र गेलें असतें आणि कोणी तें ऐकलें असतें, तर ५ ऑगस्ट २०२१ रोजीं जर्मनीस ५-४ हरवून ४१ वर्षांनीं आलेलें ऑलिंपिक पदक कोणीं आणलें असतें? तें पदक रीड ह्यांस मिळालेल्या दोन वर्षांचें फळ होतें.

पत्र आम्हीं टाकलें नाहीं. आठव्या सामन्यांत आपला संघ बेल्जियमविरुद्ध जिंकला. सप्टेंबरांत राजगीर येथें दक्षिण कोरियास ४-१ हरवून त्यानें आशिया चषक घेतला. त्या दिवशीं आमच्या घरीं देवापुढें पुन्हां साखर ठेविली गेली. पत्र मात्र फाडलें नाहीं. वहींतच घडी करून ठेविलें आहे. पुन्हां लागोपाठ पराभव होतील, आणि आमच्या स्वभावास औषध नाहीं. तेव्हां तें उपयोगीं पडेल.

त्या तरुण शिक्षकाचा पत्ता आमच्यापाशीं नाहीं. आतां तोहि निवृत्तीस आला असेल. हा अंक त्याच्या घरीं येत असल्यास त्यानें एवढें वाचावें: दुसरें वर्ष आम्हीं द्यावयास हवें होतें.