लेकीची पहिली कमाई

“दहावी झाली, आता स्थळं बघा,” दिंद्रुडला शेजारीण म्हणे. अठराच्या आत मुलीचं लग्न 2006 च्या कायद्यानं गुन्हा आहे, एवढंच मी सांगे. सोळा वर्षांची लेक मोबाइलवर पायथॉन शिकत बसे. मलाही तो रिकामा उद्योगच वाटे.

एकदा भावजींनी किराणा दुकानाची उधारीची वही तिच्यापुढे टाकली. तिनं हिशेबाचा प्रोग्राम केला, अन् पहिल्याच दिवशी दोन काशीबाईंची उधारी एकीच्याच नावावर! भावजी रागावले, पोरगी रडली. मग तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला खातेक्रमांक दिला. बेरीज वहीशी जुळली. भावजींनी 500 रुपये हातावर ठेवले.

मैत्रिणींनो, पुस्तकात काशीबाई एकच असते. दुकानात दोन येतात. आता शेजारीण विचारते, “आमच्या गिरणीचा हिशेब करून देईल का गं?”