कळसूबाईची उतरण

घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना बारी हे गाव लागते. भातखाचरांच्या मागे जो उभा डोंगर दिसतो, तीच कळसूबाई. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. गावापासून माथ्यापर्यंतचा चढ साडेआठशे मीटरांच्या आसपास भरतो. तीन मीटरांचा एक मजला धरल्यास हे पावणेतीनशेहून अधिक मजले होतात.

गरजू रुग्णांच्या डायलिसिससाठी निधी जमवावा म्हणून आमच्या परिसरातील अठरा जणांनी हे शिखर चढण्याचा संकल्प सोडला. बहुतेकांची पन्नाशी उलटलेली, माझीही. दात्यांनी प्रत्येक गिर्यारोहकामागे ठरावीक रक्कम देऊ केली होती. ही कल्पना मला वैद्य म्हणून तितकीशी रुचली नाही. आपल्या माघारीमुळे कुणा रुग्णाचे पैसे बुडतील, या विचाराने माणूस छातीतली कळसुद्धा लपवतो.

आणि तसेच घडू पाहत होते. अठ्ठावन्न वर्षांच्या एका सहकाऱ्याला तिसऱ्या मजल्यावर छातीत जडपणा येई, जबडा दुखे. थांबताच बरे वाटे. ‘पित्त आहे’ असे ते घरी सांगत. ही हकिकत मला त्यांच्या पत्नीने कळवली. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी निर्दोष आला. परंतु श्रमाने येणारे आणि थांबताच शमणारे दुखणे अशा ईसीजीत उमटेलच असे नाही. पुढच्या तपासण्यांत हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली आढळली व स्टेंट बसवावा लागला. त्यानंतर आम्ही दात्यांना विनंती केली, की देणगी शिखराला बांधू नये, सरावाला बांधावी. सर्वांनी ती मान्य केली.

सराव चार महिने चालला. आरंभी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने. (रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधाने मंदावलेली असते; त्यांनी नाडी मोजण्यापेक्षा हीच खूण मानावी.) पुढे जिने आले. मात्र माझा भर चढण्यापेक्षा उतरण्यावर होता. चढताना दम लागतो, उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो. सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय टेकवत नाही. यावर घरच्या घरी करण्याजोगा उपाय म्हणजे भक्कम खुर्चीवर मनात पाच आकडे मोजत सावकाश बसणे. सत्तरीच्या वाचकांनाही हा व्यायाम सोसतो. जवळ कुणी उभे असावे, इतकेच.

जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही निघालो. कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. या उंचीवर हवा थोडी विरळ असली, तरी साधारणतः अडीच हजार मीटरांच्या वर होणारा उंचीचा त्रास इथे संभवत नाही; धाप लागते ती श्रमाने. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांच्या खिशात साखर होती आणि ती दोघांना लागलीही. शेवटच्या शिडीपाशी तिघांना बोलणे जमेना. ते तेथूनच परतले. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. समोर अलंग, मदन, कुलंग. दुसरीकडे भंडारदऱ्याचे पाणी. नवरात्रात पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्या बाया हाच डोंगर अनवाणी चढतात, हे आठवून आम्ही आमच्या महागड्या बुटांकडे पाहिले. उतरायला चढण्याइतकाच वेळ घेतला.

वाचकहो, ज्यांना शिखर झेपणार नाही त्यांच्यासाठी बारीतून थोडे वर गेले की देवीचे आणखी एक मंदिर आहे. स्टेंट बसवलेले आमचे सहकारी डॉक्टरांच्या अनुमतीने पत्नीसह तेथवर आले होते. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे ते खूण करीत होते. अठरावी खूण त्यांच्या पत्नीने केली, त्यांच्याच नावापुढे.