मगरिबला दहा मिनिटे होती

रमजानचा दुसरा अशरा चालू होता. आम्ही दोघे आणि अम्मी कात्रजहून कोंढव्याला आपांकडे इफ्तारला निघालो होतो. कात्रज-कोंढवा रस्त्यावर त्या वेळी काय गर्दी असते ते पुणेकरांना सांगायला नको. अम्मींच्या मांडीवर फिरनीचा डबा, मगरिबला जेमतेम दहा मिनिटे. डावीकडे वळताना आमच्या गाडीचा धक्का लागून एक स्कूटर आडवी झाली. घरोघरी जेवण पोचवणारा विशीतला मुलगा होता.

तो लगेच उठला, कपडे झटकले. म्हणाला, "काही नाही झालं काका, ऑर्डरला उशीर होतोय." भोवती माणसे जमू लागली. आम्ही घाबरलो. त्याच्या हातात दोन हजार रुपये ठेवले, "बेटा, जपून जा" म्हटले आणि निघालो. अजानच्या वेळेला दस्तरखानावर होतो. रात्री अम्मींनी आमच्या सलामतीचा सदकाही काढला.

झोप मात्र आली नाही. सदका आमच्या जिवाचा, आणि जो पडला त्याचे काय? त्याचे नाव विचारले नव्हते, आपला नंबर दिला नव्हता. सकाळी सहरीला अम्मी एवढेच म्हणाल्या, "अल्लाहचा हक अल्लाह माफ करील. बंद्याचा हक बंद्याकडेच जाऊन माफ करून घ्यावा लागतो."

त्याच्या पिशवीवर हॉटेलचे नाव होते, तेवढे आठवत होते. तिथे चौकशी करत चौथ्या दिवशी त्याच्या घरी पोचलो. मनगटाचे हाड मोडले होते, हात प्लास्टरमध्ये. काम बंद. दोन हजार स्कूटरच्या दुरुस्तीत गेले होते. त्याची आई रागावली नाही. म्हणाली, "पैशाचं राहू द्या, पण नंबर दिला असता तर पोरानं दोन दिवस दुखणं दाबून ठेवलं नसतं."

उपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई आम्ही दिली. नंतर पोलीस ठाण्यात आणि एका वकिलांकडे गेलो, तेव्हा कळले की आम्ही चांगुलपणा समजून जे केले ते मुळातच चूक होते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 134 प्रमाणे जखमीला औषधपाणी मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. पोलिसांना शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 24 तासांत कळवावे लागते. विमा कंपनीलाही कळवावे लागते. जमाव अंगावर येत असेल तर निघून जाण्याची मुभा तोच कायदा देतो, पण मग थेट पोलीस ठाणे गाठायचे, इफ्तारची दावत नव्हे! आमच्या गाडीचा तृतीय पक्ष विमा अशाच मुलासाठी होता. नोंदच केली नाही, म्हणून त्याची वाट आम्हीच अडवली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, हेही तेव्हाच समजले.

म्हणून आता घरात सर्वांना सांगून ठेवले आहे. आधी गाडी थांबवा, इंडिकेटर लावा. 108 ला अॅम्ब्युलन्ससाठी, 112 ला पोलिसांसाठी फोन करा. जखमी उठून उभा राहिला तरी डॉक्टरांना दाखवा. मार लागलेला त्या क्षणी जाणवत नाही. गाड्यांचे, नंबरप्लेटचे, जागेचे फोटो काढा. नाव-नंबर घ्या आणि द्या. रस्त्यावर पैसे देऊन मिटवू नका. मे 2025 पासून अपघातग्रस्तांना ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. पोलिसांना वेळेवर कळवणे त्यासाठीही कामी येते. आणि तुम्ही नुसते पाहणारे असाल तरी मागे सरू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून अल्पवयीन चालकाला जामीन मिळाला, म्हणून शहर संतापले. आम्हीही संतापलो होतो. पण त्या मुलाच्या दारात उभे असताना वाटले, पैसा मोजून मोकळे व्हायचे, ही इच्छा आमच्या दोन हजारांतही होतीच की.

ईदला तो मुलगा आईला घेऊन शिरखुर्म्याला आला. प्लास्टर अजून हातावरच होते. अम्मींनी त्याला विचारले, "माफ केलंस ना बेटा?" तो हसला आणि म्हणाला, "आता तुमचा नंबर आहे माझ्याकडे."