हलगी आणि श्वास

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. १९१५ साली शाहू महाराजांच्या कारकिर्दीत पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ही वास्तू. आगीच्या दुसऱ्याच दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. तेव्हापासून कोल्हापुरातली आमची हौशी नाटकं मिळेल त्या सभागृहात होतात. मी पार्श्वसंगीत वाजवतो. लॅपटॉप, यूएसबी साउंड कार्ड आणि केबलची पिशवी एवढं सामान खांद्याला लावून जायचं. समोरचा मिक्सर मात्र दर वेळी वेगळा असतो. कुठे सभागृहाचा जुना, कुठे डिजिटल, कुठे मांडववाल्यानं आणून ठेवलेला. त्यामुळे रंगीत तालमीआधीचं माझं पहिलं काम ठरलेलं असतं : माझ्या कार्डाची लेव्हल आणि त्या मिक्सरची लेव्हल जुळवणं.

घरगुती उपकरणांची ठरलेली लाईन लेव्हल ०.३२ व्होल्टच्या आसपास, तर व्यावसायिक उपकरणांची १.२३ व्होल्ट. म्हणजे जवळजवळ चौपट फरक, डेसिबलच्या भाषेत १२. लॅपटॉपच्या हेडफोनच्या जॅकमधून पूर्ण आवाजाला साधारण एखादा व्होल्ट निघतो. चांगलं कार्ड ४-५ व्होल्टपर्यंत जातं. माइक बिचारा काही मिलीव्होल्टच देतो. म्हणून कार्डाची वायर माइकच्या सॉकेटात गेली, की पहिल्याच सुराला आवाज फाटतो. उलट कार्डाचा आवाज बारीक ठेवून मिक्सरवर गेन (आत येणारा आवाज वाढवणारी खुंटी) चढवला, तर गाण्याबरोबर खरखरही तेवढीच चढते.

पण व्होल्टच्याही आधी वायर पाहावी लागते. एका सभागृहात तालीम चालू होती. आईच्या ओवीचा क्यू आला आणि दिग्दर्शक खालून ओरडला, ‘‘अरे, ओवी कुठं गेली? नुसता तंबोराच ऐकू येतोय!’’ मिक्सरवरचा पोरगा म्हणाला, ‘‘दादा, तुमची फाईलच खराब हाय.’’ मी वायर हातात घेऊन बघितली. सभागृहातलीच वायर होती; एका टोकाला लॅपटॉपची बारीक स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला मोठी स्टिरिओ पिन, आणि ती सरळ एका चॅनेलच्या लाईन इनमध्ये घातलेली. मिक्सरचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं. दोन तारांवर जे सारखं येतं ते वजा करायचं, हे त्याचं काम. बाहेरून शिरलेली गुणगुण त्यानंच मरते. इथे मात्र एका तारेवर डावा चॅनेल होता, दुसरीवर उजवा. ओवी दोन्हींत अगदी सारखी, म्हणून मिक्सरनं ती इमानानं पुसून टाकली. तंबोरा दोन्हीकडे वेगवेगळा पसरलेला, तेवढा उरला. पिशवीतली दुसरी वायर काढली, डावा-उजवा वेगळा करून दोन मोनो पिना दोन चॅनेलना दिल्या, आणि ओवी जागेवर आली. गेन कितीही फिरवला असता तरी ती सापडली नसती. त्या पोरालाही मी हेच दोन्ही वायरी लावून ऐकवलं. आता कुणीही आलं, तरी तो आधी पिनच बघतो.

वायर बरोबर झाली की मी टोन लावतो. १००० हर्ट्झचा एकसारखा सूर, लॅपटॉपमध्ये पूर्ण मर्यादेच्या १८ डेसिबल खाली ठेवलेला. चॅनेलचं पीएफएल, म्हणजे फेडरच्या आधीची लेव्हल मीटरवर दाखवणारं बटण, दाबायचं आणि मीटर शून्यावर येईपर्यंत गेन फिरवायचा. कार्ड दमदार असेल तर गेन थोडासाच लागतो. नुसता लॅपटॉपचा जॅक असेल तर दहापटीच्या आसपास जातो. मग चॅनेलचा आणि मास्टरचा फेडर शून्यावर, आणि सभागृहात किती मोठं ऐकू यावं हे पुढे अँप्लिफायरवर ठरवायचं. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर ‘हम’ आलाच, तर लॅपटॉप आणि मिक्सरमधली विजेची थेट जोडणी तोडणारा, पिशवीतला ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स मधे घालतो.

हे १८ डेसिबल कशाला सोडायचे, असं नवी मुलं विचारतात. त्यांना मी हलगी ऐकवतो. आमच्या एका नाटकात कुस्तीच्या मैदानाचा प्रसंग होता. हलगी कडाडते, डाव लागतो, हलगी एकदम थांबते आणि चीत झालेल्या पैलवानाचा श्वास तेवढा ऐकू येतो. हलगीवरची काडी क्षणभरच लागते, पण तो क्षण सरासरी आवाजाच्या कितीतरी वर उसळतो. सुईचा जुना मीटर त्याच्यामागे धावूच शकत नाही. सुई आरामात डुलत असते आणि इकडे स्पीकरमधून हलगीऐवजी पत्रा वाजतो. १८ डेसिबल म्हणजे आठपट जागा. चांगला मिक्सर १.२३ व्होल्टच्या आठपट, म्हणजे जवळजवळ १० व्होल्टपर्यंत न फाटता सोसतो. तेवढी मोकळीक हलगीला हवीच. पण भीतीपोटी सगळंच खाली ठेवलं तर हलगी वाचते आणि श्वास खरखरीत बुडतो. प्रेक्षकाच्या पोटात कालवायला हवं ते त्या श्वासानं. वर हलगीला जागा आणि खाली श्वासाला जागा, या दोन्ही सांभाळणारी एक रेघ शोधायची, यालाच मी लेव्हल जुळवणं म्हणतो.

आमच्याकडे तालमीला महिनोन् महिने जातात आणि साउंड चेकला वेळ मिळतो तो पडदे बांधून, लाईट लागून उरलेला. नट शब्दाशब्दावर घाम गाळतो. त्याचं बोलणं आणि आमचं संगीत एकाच मिक्सरमधून जात असेल, तर त्या मिक्सरला अर्धा तास देणं हे आपलं कर्तव्य आहे, असं मी मानतो. म्हणून हॉल ठरला की मी व्यवस्थापकाकडे आधी तो अर्धा तास मागतो. टोन लावून एकदा लेव्हल बसवली, की गेनशेजारी कागदी टेप चिकटवून खूण करतो आणि प्रयोग संपेपर्यंत त्या खुंटीला कुणाचा हात लागू देत नाही. मग प्रयोगात लेव्हलचा विचारच करावा लागत नाही. बोट फेडरवर असतं, डोळे नटावर. तो एखाद्या दिवशी वाक्य संपवून नेहमीपेक्षा जास्त थांबला, तर मीही थांबतो; त्याची मान वळली की संगीत सुरू. नाटकाला साथ करायला मोकळं व्हायचं असेल, तर आकड्यांचा हिशोब पडदा उघडण्याआधीच चुकता झालेला हवा.