आवाजाचा पत्ता

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माणसाच्या कानात एक आवाज लहानपणापासून मुरलेला असतो. घरातल्या जुन्या ट्यूबलाईटचा चोक घुमतो, टीव्हीखालचा स्टॅबिलायझर घुमतो, चौकातल्या डीपीजवळून जाताना तोच आवाज जरा जाडसर होऊन भेटतो आणि गणपतीत मंडळाचा ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी, स्पीकर नुसते चालू केले की पुन्हा तोच. पुढे कॉलेजच्या वयात पहिली गिटार आणि तिच्याबरोबर दहा-पंधरा वॉटचा स्वस्तातला अ‍ॅम्प घरात येतो, तेव्हा हा जुना ओळखीचा त्यात आधीच येऊन बसलेला असतो. त्याची पट्टीही ठरलेली आहे. आपल्याकडची वीज 50 सायकलची. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक सायकलमध्ये दोनदा थरथरतो, म्हणून तो 100 हर्ट्झला गुणगुणतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट दाबलं तर 98 हर्ट्झचा जी वाजतो. म्हणजे आपल्या विजेचा सूर जी-पेक्षा किंचित चढा आहे. अमेरिकेत वीज 60 सायकलची, त्यामुळे तिथला अ‍ॅम्प 120 ला, बी-फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो.

अ‍ॅम्प घुमायला लागला की घरातले, मित्र आणि दुकानदार एकच निकाल देतात: स्वस्तातला आहे, घुमणारच. माझं म्हणणं असं की हा निकाल नाही. तपास न करता फाईल बंद करणं आहे. आणि ते या गावात घडावं याचं विशेष वाटतं. आवाज ऐकून बिघाड ओळखणं हा या पट्ट्यात पोटापाण्याचा विषय आहे. बेअरिंगच्या हाउसिंगला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून दुसरं टोक कानाशी धरणारे फिटर भोसरीत आजही सापडतील. पुण्यात 1966 साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत गाडीतला कुठला आवाज कुठल्या भागातून येतो हे शोधायला स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. चाकणच्या लाईनवर एखादा पार्ट रिजेक्ट झाला, तर व्हाय-व्हायचा तक्ता भरावा लागतो. त्यात रूट कॉज म्हणून 'मशीन स्वस्तातलं आहे' असं कुणी लिहिलं, तर तो कागद सुपरवायझर तसाच परत पाठवील. हीच शिस्त कंपनीच्या गेटबाहेर आली की गळून पडते आणि घरी आपण 'चालतंय' म्हणून मोकळे होतो. वास्तविक अ‍ॅम्पचं काम एकच: पिकअपमधून येणारा, व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासचा सिग्नल मोठा करणं. त्या सिग्नलबरोबर काय काय आलं हे त्याला कळत नाही. तो चहाडखोर आहे. घरात जे आहे ते मोठ्यानं सांगतो. चहाडी खरी की खोटी हे पाहण्याआधी चहाडखोरालाच घराबाहेर काढायचं का, एवढाच प्रश्न आहे.

पुरावा मिळवायला उपकरणं लागत नाहीत, क्रम लागतो. आधी गिटारची केबल अ‍ॅम्पमधून उपसून काढायची आणि व्हॉल्यूम शून्यावर न्यायचा. तरीही घूं तेवढीच राहिली, तर संशयित पॉवर सप्लाय. तिथे एसीचं डीसी केल्यावर उरणाऱ्या लाटा सपाट करायला दोन मोठे कपॅसिटर बसवलेले असतात. ते उष्णतेनं हळूहळू सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा त्यांचा हिशोब आहे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत नवी जोडी चहा-वड्याच्या पैशांत मिळते. केबल काढल्यावर आवाज व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल, तर दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये किंवा इनपुट जॅकमध्ये. पुष्कळ जॅकच्या आत एक पत्ती असते. प्लग नसताना ती इनपुट शॉर्ट करून गप्प ठेवते. पत्तीवर गंज चढला की मोकळा अ‍ॅम्पही घुमायला लागतो आणि प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर केला तरी कधी कधी तेवढ्यानं भागतं. नॉब फिरवताना कर्रकर्र होत असेल, तर पॉटच्या कार्बनवर घाण आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. पेटीवर टिचकी मारल्यावर तडतडत असेल, तर कुठेतरी ड्राय सोल्डर आहे, आणि बहुधा जॅकशीच. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये जॅक थेट पीसीबीवर डाखलेला असतो. बाहेरचा नट सैल झाला की केबलचा प्रत्येक हिसका त्या डाखावर येतो. बारा रुपयांचा वायसर आणि एक पाना यांचं हे काम. पेटी उघडायची तर मात्र प्लग काढून, थोडं थांबून. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये आतला डीसी वीस-पंचवीस व्होल्टचा असला, तरी ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे 230 व्होल्ट असतात; व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तर कपॅसिटरमध्येच शेकडो व्होल्ट साठलेले असतात, तिथे जाणकाराशिवाय हात घालू नये.

केबल काढताच आवाज गेला, तर अ‍ॅम्प निर्दोष सुटला. बहुतेक तक्रारी इथेच, केबल आणि गिटारपाशी येऊन थांबतात. केबल बदलून पाहणं सगळ्यांत सोपं, म्हणूनच ते शेवटी केलं जातं. त्यानंतर गिटार हातात घेऊन जागच्या जागी सावकाश गिरकी घ्यावी. आवाज कमी-जास्त होत असेल, तर पिकअप सिंगल कॉइल आहे आणि तो जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतो आहे. हा दोष स्वस्त गिटारचा नाही. सर्वांत महागड्या सिंगल कॉइलमध्येही तो आहे. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये त्यावर तोड काढली: दोन कॉइल उलट्या गुंडाळायच्या आणि त्यांची चुंबकंही उलटी ठेवायची. तारेचा सिग्नल दोन्हींतून मिळून बेरजेत येतो, बाहेरची घूं एकमेकींना खोडते. हंबकर तो हाच. आता दुसरी खूण. तारांना हात लावला की आवाज कमी होतो, तेव्हा लोक गिटारला दोष देतात. खरं तर त्याचा अर्थ तारांची अर्थिंगची वायर शाबूत आहे असा होतो. आपलं शरीर अँटेनासारखं हवेतला खरखराट गोळा करत होतं, तो तारांवाटे निघून गेला. पिकअपच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की हे पुष्कळ थांबतं. हात लावल्यावर आवाज वाढत असेल, तर मात्र ती वायर तुटली आहे.

यावर एक हरकत खास आपल्या भागातली आहे: 'पिंपरीची लाईनच घाण आहे. वेल्डिंग, इंडक्शन फर्नेस, मोटरींचे ड्राइव्ह, एवढं सगळं चालू असताना अ‍ॅम्प बिचारा काय करणार?' लाईनवर या सगळ्याचा परिणाम होतो हे खरंच आहे. पण मग हे तपासताही येईल. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. दोष कारखान्यांचा असेल, तर गुरुवारी दुपारी अ‍ॅम्प शांत व्हायला हवा. तो होत नसेल, तर स्वतःच्या घरात शोधावं. पंख्याचा रेग्युलेटर बंद करावा. काही रेग्युलेटर प्रत्येक लाटेचा तुकडा छाटून पंख्याचा वेग कमी करतात, आणि तो छाटलेला काठ अ‍ॅम्पमध्ये बर्रर्र करून उमटतो. मग हलक्या प्रतीचे एलईडी बल्ब आणि फोनचा चार्जर. लॅपटॉप अ‍ॅम्पला जोडलेला असेल, तर त्याचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. तेवढ्यानं आवाज गायब झाला, तर अर्थचा फेरा सापडला: दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला गेली आणि मधल्या केबलमधून नको तो प्रवाह फिरू लागला. एकेक करून सगळं बंद केलं की बहुतेक वेळा आरोपी घरातच निघतो. लाईनला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

या टप्प्यावर एक जालीम उपाय सुचवणारे हमखास भेटतात: थ्री-पिनची जाड पिन काढून टाक, आवाज बंद होईल. होतो, हेच त्यातलं वाईट. फेरा तुटतो, म्हणून घूं जाते. आणि आतून एखादी वायर पेटीला टेकली तर वीज जायला आता गिटारच्या तारा आणि वाजवणारा यांच्याखेरीज वाट उरत नाही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी 1972 मध्ये स्वान्सीच्या मंचावर अर्थ नसलेल्या मायक्रोफोनमुळे विजेच्या धक्क्यानं गेला. आपल्याकडच्या जुन्या वसाहतींत तर भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असेलच असं नाही. तिथे अ‍ॅम्पची घूं ही फुकट मिळालेली तपासणी आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवावं, अर्थिंग पाहून घ्यावं, मीटरपाशी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर बसवावी. आवाजाचा पाठलाग करत सॉकेटपर्यंत पोचलेला माणूस गीझर आणि वॉशिंग मशीनही सुरक्षित करून परततो. 'स्वस्त आहे' म्हणून थांबलेल्याला हे कळत नाही.

दुसरी हरकत व्यवहाराची: चार-पाच हजारांच्या वस्तूमागे इतका वेळ कोण घालवणार, त्यापेक्षा नॉईज गेटचं पेडल लावावं किंवा चांगला अ‍ॅम्प घ्यावा. नॉईज गेट हा 'रोग रेड्याला, औषध पखालीला' यातला प्रकार आहे. तुम्ही थांबलात की तो दार लावतो, वाजवू लागलात की उघडतो, आणि सुरांबरोबर घूंही आत येते. शिवाय लांबवलेला सूर विरत असताना मध्येच कापतो. महाग अ‍ॅम्पचं म्हणाल, तर त्याच सॉकेटला, त्याच केबलनं, त्याच गिटारला तो जोडला की तीच घूं अधिक स्वच्छ आणि भरदार ऐकू येईल. वेळेचा हिशोबही तितका मोठा नाही. वरच्या सगळ्या चाचण्या एका सुट्टीच्या दुपारी आटोपतात.

तिसरी हरकत अधिक गंभीर आहे. संगीतात अशुद्ध आवाजाला जागा नाही का? रॉकचं अर्धं वैभव डिस्टॉर्शनवर उभं आहे. आणि मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर तर घोडीवर दोरा सरकवून मुद्दाम झंकार काढतात. जवारी नसलेला तंबोरा कोण घेईल? पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जवारी कारागिराच्या हातात असते. दोरा केसभर हलवला की ती खुलते किंवा मिटते, तार छेडली की येते आणि सुराबरोबर विरते. डिस्टॉर्शनही वाजवणाऱ्याच्या बोटांना उत्तर देतं. घूं कुणालाच उत्तर देत नाही. राग कुठलाही असो, ती आपल्या ठरलेल्या पट्टीवर ठाम. उलट डिस्टॉर्शन हवं असणाऱ्याला तिचा तपास जास्त करावा लागतो, कारण गेन वाढवला की दबलेलं सगळंच वर येतं.

आता मूळ निकालाला त्याचा न्याय्य वाटा द्यायला हवा. स्वस्तपणाचा दोष खरोखरच असतो. ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या फार जवळ बसवणं, आतल्या वायरींना शील्ड नसणं, कपॅसिटरमध्ये काटकसर, हे सगळं किमतीतून येतं. आणि एक आवाज तर कुठल्याच किमतीला जात नाही: तो बारीक 'सूं'. 1928 मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिलं की कुठलाही रोधक, त्यातून प्रवाह वाहत नसला तरी, केवळ तापमानामुळे गोंगाट करतो. खोलीच्या तापमानाला 10 किलोओहमचा रोधक ऐकू येणाऱ्या पट्ट्यात दोनेक मायक्रोव्होल्टचा सूं देतच राहणार. महाग अ‍ॅम्प त्यात स्वतःची फारशी भर घालत नाही, इतकंच. म्हणून चांगला अ‍ॅम्प घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. केबल, जॅक, पिकअप, रेग्युलेटर आणि अर्थिंग हे सगळे तपासून निर्दोष सुटले आणि तरी जो आवाज उरला, तो अ‍ॅम्पचा. त्यासाठी खुशाल पैसे मोजावेत. मात्र दुकानात गेल्यावर 'भारीतला दाखवा' म्हणू नये. कुठला आवाज नको आहे ते सांगावं, आणि दुकानदाराला व्हॉल्यूम वाढवून, केबल काढून, तो अ‍ॅम्प आधी काहीच न वाजवता ऐकवायला लावावा.